अननस फाटकाचा गवंडी

एब्नर थर्केटल मार्लशम हॉल या जुन्या जमीनदारी वाड्याचा गवंडी होता. हॉलचा म्हणजे खरं तर हॉलच्या बागेचा. घराच्या भिंतींशी त्याला फारसं कर्तव्य नव्हतं. "घराला छप्पर आहे, आत माणसं आहेत, त्यांचं ती बघतील," तो म्हणायचा. "बागेच्या भिंतीला कोण आहे? मी."

मी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत शेतकामाला म्हणून इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफकमध्ये आले, मार्लशमच्या हिरवळीवर बटाटे लावले, आणि युद्ध संपल्यावर घरी परत जायचं राहूनच गेलं. पुढे बावीस वर्षं त्याच बागेत माळीकाम केलं, त्यामुळे एब्नर रोजच्या बघण्यातला. बुटका, रुंद, पाय जरा बाकदार, आणि हातांना चुन्याने पडलेल्या कायमच्या भेगा. माझं नाव डोरोथी, सगळे डॉट म्हणतात. एब्नर मात्र मी चाळिशीची झाले तरी मला "पोरी"च म्हणत असे.

फळबागेची एक भिंत नागमोडी आहे. एका विटेच्या जाडीची, एकवीस वळणांची, आणि वळणं आहेत म्हणूनच उभी. सरळ बांधली असती तर पहिल्या वादळात आडवी झाली असती. वळणांच्या पोटात ऊन साठतं, तिथे पीच पिकतात. ही भिंत एब्नरच्या आजोबांनी सांभाळली, मग बापाने, मग त्याने. ती वाकडी का, असं पाहुण्यांनी विचारलं की तो प्रत्येकाला वेगळं कारण सांगायचा. एकाला सांगितलं की बांधणारा प्यालेला होता. एका बिशपला सांगितलं की बांधणारा कधीच प्यायचा नाही, म्हणून हात थरथरायचे.

पहिल्या युद्धात तो तीन वर्षं फ्रान्सला होता. परत आला त्या दिवशी स्टेशनवरून घरी गेला नाही. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात लावत चालत गेला, एकोणीस ठिकाणी सांधे भरायला झालेत हे बघून ठेवलं, आणि मग आईला भेटायला गेला. आईने हे त्याला मरेपर्यंत विसरू दिलं नाही.

लग्नाचीही तीच गत. त्याची बायको विनी तेव्हा हॉलच्या धोबीखान्यात कामाला होती. ती आम्हाला सांगायची, "नवव्या वळणापाशी मला घेऊन गेला. म्हणाला, आता तुझ्याशिवाय करमत नाही. मी लाजून खाली बघितलं. मान वर करते तर हा भिंतीकडे तोंड करून उभा. म्हटलं, कुणाशी बोलतोयस? म्हणाला, तुझ्याशीच गं, पण इथे एक वीट सुटलीये."

आता फाटकाकडे येते. फळबागेत शिरायला विटांचे दोन उंच खांब आहेत आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक अननस. सगळं गाव त्याला अननस फाटकच म्हणायचं. चौपन्न सालच्या नोव्हेंबरात, रविवारी सकाळी आम्ही सगळे चर्चमध्ये असताना वादळ आलं. व्हिकारचं प्रवचन रंगात आलं होतं आणि बाहेरून धप्प असा आवाज झाला. एब्नर बाकावरून उठला, टोपी घेतली आणि निघाला. विनीने कोट धरला होता, तो तिच्या हातात राहिला.

उजवीकडचा अननस खाली पडला होता, आणि पडायचा तो नेमका गवत दाबायच्या लोखंडी रोलरवर. बर्फाने आतून पोखरलेला जुना दगड, त्याचा भुगाच झाला. आम्ही दोन बादल्या भरून गोळा केला, पण त्यातला कुठला तुकडा कुठे बसतो हे कुणालाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी लेडी ब्रँसडन आल्या, आमच्या बाईसाहेब. नवरा गेल्यापासून त्याचाच ओव्हरकोट घालून, कमरेला सुतळी बांधून त्या बागेत फिरायच्या. नवखे लोक त्यांनाच कांद्याचा भाव विचारायचे. त्यांनी बादल्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "शहरात एक मूर्तिकार आहे. त्याला लिहिते, पण तो दोन वर्षं तरी यायचा नाही."

"कशाला लिहिता?" एब्नर म्हणाला. "मी करतो."

"तुम्ही गवंडी आहात, थर्केटल."

"म्हणूनच. माझ्या भिंतीवर बाहेरचा माणूस चढलेला मला चालायचं नाही."

"भिंत माझी आहे, थर्केटल."

"कागदावर, बाईसाहेब."

बाईसाहेबांना हसू आवरेना. कोटाच्या खिशातून रुमाल काढायला गेल्या तर सुतळीचं भेंडोळं निघालं, त्यालाच त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "बरं. अननस कधी पाहिलाय का तुम्ही?"

"रोज बघतो की. दुसरा तिथेच आहे."

दुसरा तिथेच होता खरा. पण दोनशे वर्षांच्या वाऱ्यापावसाने त्याचं असं काही झालं होतं की एका बाजूने तो कोबीचा गड्डा वाटायचा आणि दुसऱ्या बाजूने आंघोळ नको असलेलं मूल. एब्नर शिडी लावून वर गेला, डोळे मिटून दोन्ही हातांनी अर्धा तास चाचपत बसला, आणि खाली येऊन म्हणाला, "याच्याकडून काही कळत नाही. खऱ्याची गाठ घ्यायला हवी."

रेशन त्याच वर्षी उठलं होतं. मार्लशमच्या दुकानात अननस म्हणजे डब्यातला. विनीने एक डबा आणला, आणि त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात मी आणि आमचे हेड माळी मिस्टर गॅरड, आम्ही दोघंही हजर होतो. विनीने बशीत चकत्या मांडल्या. एब्नरने एक काट्यावर उचलून दिव्यासमोर धरली.

"याला मधे भोक आहे."

"सगळ्यांनाच आहे," विनी म्हणाली.

"म्हणजे वरपासून खालपर्यंत आरपार. धुराड्यासारखं." तो गंभीर झाला. "मग पावसाचं पाणी आत जात असणार. दगडात तसं करून चालणार नाही. फुटेल."

"मी सोळा वर्षांचा असताना याच बागेत अननस पिकायचे," गॅरड म्हणाले. "काचेखाली, शेणखताच्या उबेवर."

"मग तू बघितलायस. कसा असतो सांग."

"बघितला कुठे? आम्हाला आत जायची बंदी होती. वास घेतलाय."

"वास कोरता येत नाही, गड्या."

डब्याच्या कागदावर चित्र होतं. एब्नरने तो कागद पाण्यात भिजवून अलगद सोडवला आणि खिडकीच्या काचेवर वाळत लावला. पण चित्र एकाच बाजूचं. मागच्या बाजूला अननस कसा असतो, हा त्याचा प्रश्न. तिथे तर डबा कसा उघडावा हे लिहिलेलं.

हे सगळं बाईसाहेबांच्या कानावर गेलं. डिसेंबरात बिशप जेवायला येणार होते. त्या निमित्ताने बाईसाहेबांनी लंडनच्या एका मोठ्या दुकानातून खराखुरा अननस मागवला. मंगळवारच्या गाडीने पेंढा भरलेल्या खोक्यातून तो आला. त्यांनी तो एब्नरच्या हातात दिला आणि बजावलं, "रविवारी दुपारी बारा वाजता हा माझ्या टेबलावर हवा. अख्खा."

ते पाच दिवस थर्केटलांच्या घरात पाहुणा आल्यासारखं वातावरण होतं. विनीने कपाटावर तिची नाताळची लेस अंथरली आणि त्यावर अननस ठेवला. बुधवारी शेजारचे बघायला आले, गुरुवारी चॅपेलची बायकामंडळी, शुक्रवारी गावचा पोलीसही सायकल टेकवून आत आला. त्याचं काही काम नव्हतं, पण विचारल्यावर म्हणाला, "खात्री करायला आलोय." घरात चुलीची ऊब, त्यामुळे अननस रोज पिकत चालला आणि वास रस्त्यापर्यंत जाऊ लागला. गॅरड फाटकाशी उभे राहून नाक वर करून म्हणाले, "हाच. अगदी हाच." विनीने आपल्या नवऱ्यापासून सुऱ्या लपवून ठेवल्या होत्या. त्याला खायचा नव्हता, आत भोक आहे का ते बघायचं होतं.

शनिवारी सकाळी त्याने मला बोलावणं पाठवलं. मी गेले तेव्हा अननसाला तिरके लाल दोरे गुंडाळलेले होते.

"पोरी, इकडे ये. या खवल्यांच्या ओळी बघ. एका बाजूला वळणाऱ्या आठ. उलट्या बाजूला वळणाऱ्या तेरा. तीनदा मोजल्या."

"बरं."

"बरं काय? एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीच्या सांध्यावर येतोय का बघ."

मी सगळीकडून फिरवून बघितलं. "नाही येत."

"कुठेच नाही. अख्ख्या फळात वरपासून खालपर्यंत उभा सांधा सापडायचा नाही. अशी सांधमोड मला पंधरा वर्षं शिकून जमली, आणि अजूनही कोपऱ्यावर चुकते." त्याने अननसावर हात ठेवला, भिंतीवर ठेवायचा तसाच. "ज्याने कुणी हा बांधला, त्याला उस्ताद चांगला मिळाला होता."

दुसऱ्या कुणाच्या चार विटांच्या कामाचीही तारीफ करताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. विनी चुलीशी पाठ करून उभी होती. ती म्हणाली, "माझ्या लग्नाच्या पोशाखाकडे याने इतकं बघितलं नव्हतं."

"त्याची शिवण सरळ होती," एब्नर म्हणाला.

रविवारी बाराला पाच मिनिटं असताना तो अननस घेऊन हॉलच्या मागच्या दाराशी हजर झाला. दुपारी बाईसाहेबांनी झाकलेल्या बशीतून दोन चकत्या पाठवल्या. त्यांना भोक नव्हतं, मधे कडक गाभा होता. विनीने तो कापून बाजूला काढला. एब्नरने आधी तोच चघळला, बराच वेळ. मग म्हणाला, "आता जीव शांत झाला." चवीबद्दल विचारलं तर म्हणाला, डब्यातला जास्त गोड आहे.

दगडाचा प्रश्न होता, कारण आमच्या भागात दगड मिळत नाही, माती आणि गारगोट्या मिळतात. तबेल्यासमोर घोड्यावर चढायला ठेवलेला एक मोठा पिवळसर दगड होता. घोडे युद्धाआधीच गेले होते आणि बाईसाहेब आता फक्त सायकलवर चढत. त्यांनी तो देऊन टाकला. एब्नरने तो गाडीखान्यात नेऊन दोन भागांत फोडला, आणि सगळा हिवाळा तिथून छिन्नीची टकटक ऐकू येत राहिली. पहिला अननस फेब्रुवारीत बिघडला. माथ्याची पानं त्याने फार मोकळी सोडली होती, एक तुटलं, मग दुसरं. त्याने छिन्नी पुसून बाजूला ठेवली. अननस घरी नेला, विनीने तो दाराला अडसर म्हणून लावला. दुसऱ्या दगडावर त्याने पानं एकमेकांना चिकटून, मिटत्या मुठीसारखी घेतली, म्हणजे पाणी साचायला जागाच नाही. एप्रिलमध्ये आम्ही सहा जणांनी दोरखंड आणि कप्पी लावून तो वर चढवला. एब्नरने ओळंबा सोडून बघितला, सांध्यात चुना भरला आणि खाली उतरला.

देखणा झाला होता. एकेक खवला स्पष्ट, आठ ओळी इकडे, तेरा तिकडे. अडचण एवढीच की शेजारचा जुना आता आणखीच कोबी वाटायला लागला. "होईल," एब्नर म्हणाला. "दोनशे वर्षं जाऊ देत, होतील सारखे."

जूनमध्ये मिस इंग्राम आल्या. त्या इंग्लंडभर फिरून बागांमधल्या जुन्या भिंती, कुंड्या, पुतळे यांची नोंद करत होत्या, त्याचं पुस्तक व्हायचं होतं. उंच, कोरड्या, जाड लोकरी स्कर्टमधल्या बाई. नागमोडी भिंत त्यांनी पूर्ण मापली, आणि ती वाकडी का हे एब्नरला विचारलं नाही, त्याबद्दल त्याने त्यांना मनातल्या मनात चांगले गुण दिले. मग त्या फाटकाशी आल्या. स्वतः शिडीवर चढल्या, भिंग काढलं, जुन्या अननसाचा माथा बराच वेळ बघितला. आम्ही चौघं खाली उभे: बाईसाहेब, गॅरड, एब्नर आणि मी.

"लेडी ब्रँसडन," त्या वरूनच म्हणाल्या, "हा अननस नाही."

त्यांनी भिंग पुसून पुन्हा माथ्याला लावलं.

"याला पानं कधी नव्हतीच. माथ्यावर छिन्नीच्या मूळ खुणा आहेत, इथे काही तुटलेलं नाही. आणि खवले एकावर एक चढत गेलेत. हे पाइनच्या झाडाचं बोंड आहे. आपण हिवाळ्यात शेकोटी पेटवायला वापरतो ते."

"पण सगळे याला पाइनॅपल म्हणतात," बाईसाहेब म्हणाल्या. "पहिल्यापासून."

"बरोबरच म्हणतात. जुन्या इंग्रजीत पाइनच्या बोंडालाच पाइनॅपल म्हणायचे. परदेशातून हे फळ आलं, ते तसंच दिसतं म्हणून तोच शब्द त्यालाही चिकटला." त्या खाली उतरल्या, स्कर्ट झटकला आणि उजवीकडे बघितलं. "काम मात्र सुंदर आहे. कुणाचं?"

गॅरडना मी इतक्या वर्षांत हसताना बघितलं नव्हतं. ते आधी खोकले, मग वळले, मग बागेतल्या ढकलगाडीच्या दांड्याला धरून खालीच बसले. एब्नरने हत्यारांची पिशवी उचलली आणि निघून गेला.

तीन दिवस तो भिंतीच्या अगदी शेवटच्या वळणात सांधे भरत बसला. तिथले सांधे भरायला झालेले नव्हते. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेले आणि शेजारी उलट्या बादलीवर बसले.

"दर वसंतात शिडी लावून त्याच्या बुडाचा सांधा तपासतो, पोरी," तो म्हणाला. "चाळीस वर्षं. हात ठेवतो त्याच्यावर. बापाने ठेवला, आजोबांनी ठेवला. एकदाही म्हणाला नाही की बाबांनो, मी अननस नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग कपातला चहा हलायला लागला, आणि मला वाटलं तो रडतोय, पण तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "मी त्याच्यासाठी बिशपच्या जेवणातलं फळ घरी नेलं गं," तो म्हणाला. "पोलीस बघायला आला होता."

त्याच आठवड्यात बाईसाहेबांनी त्याला बोलावलं. मिस इंग्राम अजून मुक्कामाला होत्या, आणि त्यांचं म्हणणं होतं की जोडी नीट व्हावी, उजवीकडे पाइनचं बोंड बसवावं. बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही ठरवा, थर्केटल. कोरलंय तुम्ही."

एब्नरने टोपी हातात फिरवली. "मिस, पूर्वी दोघांना एकच शब्द होता म्हणालात ना?"

"हो."

"मग एका शब्दाचे दोन अर्थ होतात, तर एका फाटकाला दोन का नकोत? माझा पडला की त्या वेळचा गवंडी बघून घेईल काय बसवायचं ते. आणि त्याने बोंड बसवलं तर माझी हरकत नाही."

मिस इंग्रामनी वही उघडली आणि विचारलं, "तुमच्या आडनावात शेवटी दोन टी आहेत ना?"

"मधे दोन, मिस. शेवटी एल आणि ई."

पुस्तक दोन वर्षांनी आलं. मार्लशमवर पावणेदोन पानं होती आणि तळटिपेत लिहिलं होतं की फाटकाच्या डाव्या खांबावर अठराव्या शतकातलं पाइनचं बोंड, उजव्या खांबावर अननस, ए. थर्केटल, १९५५. विनीने पुस्तकाला तपकिरी कागदाचं वेष्टण घातलं आणि आलेल्या प्रत्येकाला तेवढीच ओळ वाचायला दिली. बाकीचं पुस्तक एब्नरने वाचलं नाही. इतर लोकांच्या भिंती, तो म्हणायचा.

पण इतर लोकांनी त्याच्याबद्दल वाचलं होतं. सप्टेंबरात नॉरफकहून एक पत्र आलं. पाकिटावर 'मिस्टर ए. थर्केटल, शिल्पकार' असं लिहिलेलं. विनीने ते उलटसुलट करून पोस्टमनला परत द्यायला घेतलं होतं. तिकडच्या एका घराच्या गच्चीवर दगडी कुत्र्यांची जोडी होती, त्यातल्या एकाचा कान गेला होता, आणि घरमालकीण विचारत होती की आपण याल का.

साठाव्या वर्षी एब्नर निघाला. फ्रान्सहून परतल्यानंतर तो आगगाडीत बसलाच नव्हता. त्याआधी दोन आठवडे त्याने गावातल्या यच्चयावत कुत्र्यांचे कान हातात घेऊन बघितले. व्हिकारच्या स्पॅनिअलला तर ते इतकं आवडलं की ते त्याच्या मागे कामावर यायला लागलं. स्टेशनवर विनीने सँडविचचं पुडकं दिलं, टोपी सरळ केली आणि म्हणाली, "तिथे कुणी शिल्पकार म्हटलं तर मागे वळून बघू नकोस. तुलाच म्हणतायत."

चार दिवसांनी तो परत आला. आम्ही सगळे विचारायला जमलो होतो. त्याने बूट काढले, खुर्चीत बसला आणि कप हातात आल्यावर मग सांगायला लागला.

"कान बसला," तो म्हणाला. "माणसं चांगली आहेत. चहा पातळ आहे."

"झालं म्हणजे काम?" विनीने विचारलं.

"कुठलं? माझा कान नवा दिसतो, त्यामुळे जुना आता वाईट दिसायला लागलाय. पुढच्या गुरुवारी पुन्हा जायचंय."